उन्हाकडे पाठ

एफ्राइम बॉइसच्या ट्रकची काच
मी डोळ्यांनी नाही, नखाने तपासते.
ल्युडेरिट्झमध्ये सगळ्यांच्याच काचा अशा:
वाळू समोरून येते आणि थांबत नाही.
नख ठेचकाळत जातं
देवीच्या व्रणांसारख्या बारीक खळग्यांवरून.
इथे वायपरने कोरलेली कमान,
इथे आउसच्या चढावर उडालेला खडा, त्याला फुटलेले तीन पाय,
आणि इथे, ऐन नजरेसमोर, धुरकट टक्कल.
तो आतून बाहीने पुसत राहिला,
डाग बाहेर असताना.

सात वर्षं सांगतेय, बदल.
सात वर्षं तो म्हणतो, पुढच्या पगाराला.

पहाटे गोठवलेली मासळी घेऊन तो पूर्वेला निघतो,
सूर्य समोर.
संध्याकाळी कोबी-कांदे भरून पश्चिमेला परततो,
सूर्य समोर.
मधल्या वेळात, ट्रकच्या सावलीत, झोपतो.
"ऊन पाठीवर घेऊन गाडी हाकलेली
जन्मात आठवत नाही," हसत सांगायचा.

आज हसला नाही.
टोपी काढून बाकावर बसला, चहा निवू दिला.
म्हणाला, दोर्थिया, काल गारूबपाशी
काच एकदम दुधाची झाली.
रस्ता नाही, बॉनेट नाही, स्वतःचे हात तेवढे.
ब्रेक दाबला तो भीतीने नाही, सवयीने.
तिथे रस्ता खाली उतरतो, एवढं पायाला ठाऊक होतं.
उतारात सूर्य टेकाडाआड गेला
आणि काच परत काच झाली.
समोर घोडी. रानटी, बरगड्या मोजाव्यात अशी.
पोटाशी शिंगरू.
नाक बंपरपासून वीतभर.

हॉर्न वाजवलास? मी विचारलं.
सुचलंच नाही. ती पळाली का नाही, तेच कळेना.
मग कळलं. ऊन तिच्या पाठीशी होतं, दोर्थिया.
तिला मी लख्ख दिसत होतो,
मिशीचा केसन् केस.
तिला वाटलं, मीही तिला पाहतोय.

सीलंट कापायची तार मी काचेभोवती फिरवत होते.
हात थांबला.

अकरा वर्षांमागे, याच वळणावर,
टायटस सकाळच्या बसने गेला. खाणीत, कायमचा.
मी दुकानाबाहेर, पार रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवले.
पुढच्याच सीटवर होता.
शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, तेसुद्धा मला दिसलं.
त्याने हात उचलला नाही.
त्या दिवशी धुकंही नव्हतं.
त्याची तीन पत्रं मी न फोडता
साखरेच्या जुन्या डब्यात टाकली.

सकाळची बस. तोंड पूर्वेला.
आणि मी कुठे उभी होते?

काच निघाली. दोघांनी धरून भिंतीला टेकवली.
खाली, वायपर जिथे रोज निजतो,
तिथे बोटभर पट्टी अजून नवी आहे,
कारखान्यातून आली तशी.
गुडघ्यांवर बसून मी तिच्यातून पाहिलं:
एक कोंबडी, पाण्याची टाकी, एफ्राइमचे बूट.
बस्स. पण कडा कशा धारदार.

नवी काच बसवली. पैसे अर्धे घेतले,
उरलेले पुढच्या पगाराला.
त्याला बजावलं, उद्यापर्यंत दार आपटू नकोस,
खिडकी बोटभर उघडी ठेव,
नाहीतर कोंडल्या हवेचा धक्का बसतो
आणि ओली काच जागची हलते.
हो म्हणाला, आणि सवयीने दार आपटलं.
काच टिकली.

मी आत गेले. डब्याचं झाकण खाऱ्या हवेने गंजलेलं.
उघडायला पकड लागली.